बी.एस्सी. नर्सिंगला मुलीला पाठवताय? चार वर्षांत काय वाट्याला येते आणि पुढे काय, हे आधी समजून घ्या

महाड / पोलादपूर : बारावी सायन्सचा निकाल लागला की महाड, पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर फोन वाजू लागतात. "तुमच्या मुलीला नर्सिंगला डायरेक्ट अ‍ॅडमिशन करून देतो, सीईटीची गरज नाही, नोकरी शंभर टक्के." काही घरांत मग शेताचा तुकडा गहाण पडतो, काही ठिकाणी मुंबईतल्या काका-मामाकडून उसने पैसे येतात. नर्सिंगची पदवी ही गावाकडच्या मुलामुलींसाठी आजही खात्रीच्या वाटांपैकी एक आहे, यात शंका नाही. पण ही वाट नेमकी कशी आहे, खर्च कुठे वाचतो आणि फसगत कुठे होते, हे न बघता पाऊल टाकले तर चार वर्षे आणि घरचा पैसा दोन्ही अडकतात.

तीन कोर्स, तीन वेगळ्या वाटा

गावात सगळ्यालाच "नर्सिंग" म्हणतात. प्रत्यक्षात एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. एएनएम, जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सची मुलेही जाऊ शकतात. बी.एस्सी.ला मात्र बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागते. खुल्या गटाला ४५ टक्के आणि मागास प्रवर्गाला ४० टक्के गुणांची अट आहे. वय १७ पूर्ण हवे. मुलगेही प्रवेश घेऊ शकतात. जीएनएम झालेल्यांना नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी करता येते, म्हणजे बी.एस्सी. हुकली म्हणून दार कायमचे बंद होत नाही.

प्रवेश पूर्वी नीटच्या गुणांवर होत असत. आता राज्याचा सीईटी कक्ष त्यासाठी स्वतंत्र परीक्षा घेतो. बारावीच्या विषयांबरोबर नर्सिंगची आवड आणि कल तपासणारे प्रश्नही त्यात असतात. फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच निघतात. निकालानंतर जागे होणाऱ्यांची गाडी इथेच चुकते.

चार वर्षांत काय असते?

अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा आहे. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, पोषण आणि नर्सिंगची मूलतत्त्वे. नंतर औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मोठ्यांचे आजार आणि शस्त्रक्रियेतली शुश्रूषा. पुढे बालरोग, मानसिक आरोग्य, बाळंतपण आणि सामुदायिक आरोग्य. शेवटचे सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचे.

पण पुस्तकापेक्षा वॉर्ड मोठा असतो. पहिल्याच वर्षी विद्यार्थी रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहतो. बेड लावणे, स्पंज देणे, ताप-नाडी-बीपी घेणे, लघवीची पिशवी रिकामी करणे. "शिकायला आलो आणि ही कामं?" असे वाटून काही जण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घरी निघून येतात. रक्त, उलटी, वेदना, कधी मृत्यू, हे सगळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बघावे लागते. हजेरीची अटही कडक आहे. थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि क्लिनिकल पोस्टिंगची हजेरी पदवी मिळण्याआधी १०० टक्के भरून द्यावी लागते. गणपतीला पंधरा दिवस गावी, शिमग्याला आठ दिवस, हे विसरावे लागते.

दुसरी अडचण इंग्रजीची. शिक्षण आणि पेपर इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलेसुद्धा पहिल्या सेमिस्टरला अडखळतात. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर शब्द नवे असतात म्हणून. अकरावीपासून रोज बायोलॉजीचे एक पान इंग्रजीत मोठ्याने वाचले, तरी हे ओझे निम्मे होते.

पैशाचे गणित

इथेच सर्वात जास्त गैरसमज आहेत. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना आधीपासून आहेतच. पण मुलींच्या फी माफीचा लाभ सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा घेतली तरच मिळतो. एजंटाने "मॅनेजमेंट"मधून बसवून दिले, की माफी गेली. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही. म्हणजे "डायरेक्ट अ‍ॅडमिशन" घेणारे पालक एजंटाला पैसे देऊन सरकारची सवलत सोडून देतात.

हॉस्टेल, मेस, गणवेश, प्रवास हे वेगळे धरावेच लागते. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे अकरावीतच हाती घ्यावीत. जून-जुलैच्या पावसात पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून सेतू केंद्राच्या फेऱ्या मारताना प्रवेशाची फेरी निघून जाते.

कॉलेज कसे पारखायचे?

मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात शासनाची परिचर्या शिक्षण संस्था आहे. दक्षिणेकडे चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालयाच्या आधाराने नर्सिंग शिकवले जाते. पनवेलच्या बाजूलाही कॉलेजे आहेत. नाव कोणतेही असो, पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. कॉलेज महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, म्हणजे नाशिकच्या विद्यापीठाशी, संलग्न आहे का? भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी किती? आणि सर्वात महत्त्वाचे, स्वतःचे रुग्णालय आहे का, त्यात रुग्ण असतात का? रिकाम्या खाटांवर नर्स घडत नाही. सीईटीशिवाय परराज्यातल्या कॉलेजात पाठवणाऱ्यांनी तर हे दोनदा तपासावे. परत आल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली नाही, तर इथे नोकरी नाही.

नोकरी आहे, पण कुठे?

राज्य सरकारच्या अधिपरिचारिका पदाची वेतनश्रेणी ३५ हजार ४०० रुपयांपासून सुरू होते. एम्ससारख्या केंद्राच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४ हजार ९०० आहे आणि त्या परीक्षेला बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही, जीएनएमवाल्यांना दोन वर्षांची आहे. पदवीचा खरा फायदा इथे दिसतो. मात्र सरकारी भरती रोज निघत नाही. तोवर खासगी रुग्णालयच. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये छोट्या खासगी रुग्णालयांतही नर्सला किमान २० हजार पगार असावा, अशी शिफारस केली होती. शिफारस कागदावर राहिली तर पदवीधर मुलगीसुद्धा त्याहून कमीवर सुरुवात करते. नोकरी देताना मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्यांपासून लांब राहावे.

परदेशाची वाट जर्मनीमुळे चर्चेत आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. पण तिथे भाषा आल्याशिवाय नर्स म्हणून काम मिळत नाही. भाषेची तयारी वर्षभराची धरावी.

मग आपल्या तालुक्याचे काय?

२२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही डोंगर आला. महाड शहर पाण्याखाली होते, बाहेरची मदत पोचायला वेळ लागला. अशा वेळी पहिला तास गावातच काढावा लागतो. जखम बांधणारे, बाळंतीण सांभाळणारे, सलाईन लावणारे हात जवळ हवे असतात. डोंगराळ भागात ३ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही मिळू शकते.

पण करारावरची नोकरी, राहायला धड क्वार्टर नाही, रात्री एकटीने राहण्याची भीती, यामुळे शिकलेली मुलगी मुंबई-पुण्याला जाते. तिला दोष देता येत नाही. ग्रामपंचायतीने उपकेंद्राजवळ राहण्याची सोय केली, वीज-पाणी-सोबत दिली, तर तीच मुलगी परत येण्याचा विचार करील. नाहीतर तालुका नर्स घडवणार मुंबईसाठी, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा १०८ ची वाट बघणार.

मुलीला पाठवायचे की नाही, हा प्रश्न घरात बसून सुटणार नाही. गावातली कोणी सिस्टर किंवा ब्रदर सुट्टीवर आले असतील तर मुलीला त्यांच्यासमोर बसवा आणि नाईट ड्युटीपासून पगारापर्यंत सगळे विचारू द्या. एजंटाच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा ती दहा मिनिटे जास्त कामाची आहेत.