विजेच्या बिलात न दिसणारी रक्कम

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना वाटेत बिडकीन लागते. एकेकाळी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी आणि तूर दिसे. आता औद्योगिक नगरीचे रुंद रस्ते आणि विजेचे मनोरे दिसतात. कारखाने येतील, पोरांच्या हाताला काम मिळेल, याचा आनंद कुणाला नाही? पण कारखान्याला वीज लागते. राज्याच्या विजेचा मोठा हिस्सा आजही परळी, चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथे कोळसा जाळूनच तयार होतो. दिवा आपल्या घरात लागतो आणि धूर दुसऱ्याच्या अंगणात उतरतो.

या धुरातली राख डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याबद्दल ओरड तरी होते. गंधकाचा वायू दिसत नाही. हवेत मिसळला की त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि श्वासावाटे फुफ्फुसात, तिथून रक्तात उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी या कणांचे नाते वैद्यकशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे.

उपाय अवघड नाही. चुनखडीच्या किंवा समुद्राच्या पाण्याने धूर धुतला की बहुतांश गंधक खाली राहतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये तसे निकष घातले आणि दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. अखेर जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटरांतल्या केंद्रांना मात्र २०२७ अखेरपर्यंत ती बसवायची आहे. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, हे सरकारचे म्हणणे खरे आहे. पण कोळसाच इतका जळतो की थोड्याचे फार होते. आणि शहरातली फुफ्फुसे खेड्यातल्यांपेक्षा नाजूक असतात, असे कोणत्या डॉक्टरने सांगितले?

यंत्रणा नको म्हणताना युनिटमागे २५ ते ३० पैसे वाचतील, असे सांगितले गेले. आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेल्या माणसाला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला हा भार फार तर तीस रुपये. दम्याचा एक पंप याहून कितीतरी महाग पडतो. खर्च वाचलेला नाही. तो वीज बिलातून निघून औषधांच्या बिलात गेला आहे, आणि तेही ज्याने वीज फारशी वापरलीच नाही त्याच्या.

हे होऊ शकते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. चिकूच्या बागांचे डहाणू १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरले, तरी तिथे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्यांनी १९९९ मध्ये गंधक काढणारी यंत्रणा बसवा म्हणून सांगितले. चालढकल झाली, शेवटी कंपनीकडून बँक हमी मागण्यापर्यंत गोष्ट गेली. २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. वीज थांबली नाही की कंपनी बुडाली नाही.

डहाणूने शिकवले ते एवढेच: नियमाला पाठपुरावा करणारा धनी हवा, मुदतीला तारण हवे. जी मुदत चुकवली तर काहीच गमवावे लागत नाही, ती मुदत नसते, सवलत असते.

म्हणून २०२७ ची मुदत तरी आता पुढे ढकलू नये. वगळलेल्या केंद्रांच्या सवलतीचा फेरविचार व्हावा. धुराड्यांतून काय बाहेर पडते, ते आकडे रोज मराठीत त्या त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. आणि बिडकीनला नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यांच्या छपरांवर सौर पत्रे पहिल्या दिवसापासून असावेत. मराठवाड्यात दुष्काळ पडतो, पण उन्हाचा कधी पडत नाही.

तीस रुपये जास्त द्यायला आपण तयार आहोत का, हा प्रश्न आज घराघरात विचारावा. परळीच्या लेकरांच्या वतीने तो आपल्यालाच विचारायचा आहे.