साठेबाजीने सुकलेले रान

संगणकावरच्या खेळांना पोरखेळ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘अल्टिमा ऑनलाइन’ची हकिगत मात्र वडीलधाऱ्यांनीही ऐकावी अशी आहे.

१९९७ च्या सप्टेंबरात हा खेळ अमेरिकेत सुरू झाला. रिचर्ड गॅरियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योद्धे-जादूगारांचे एक राज्यच वसवले. हजारो माणसे त्यात एकाच वेळी नांदत. बेत मोठा सुरेख होता. लांडग्यांनी सशांवर जगावे, सावज संपले तर गावाकडे वळावे. कच्चा मालही मोजकाच. वस्तू झिजली की तिचा ऐवज राज्याच्या साठ्यात जमा व्हावा आणि त्यातूनच नवे प्राणी, नवे खनिज निपजावे.

प्रत्यक्षात खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारला आणि मिळेल ती वस्तू घरात कोंबली. ऐवज परतेना, म्हणून नवे काही उपजेना. बँकेत हयात गेलेल्या मला याचे नवल वाटले नाही. तिजोरीत अडकलेला पैसा बाजार सुकवतोच. अखेर मालावरची मर्यादा उठवली, तर महागाई भडकली. लुटारूंचा उपद्रव असह्य झाला, तेव्हा २००० साली राज्याची दोन राज्ये झाली. एकात लुटालुटीला मुभा, दुसऱ्यात बंदी. बहुतेकांनी सुरक्षित राज्य गाठले.

खेळ आजही चालू आहे. ते जिवंत रान मात्र उरले नाही. मला खंत वाटते ती याची. घेण्याची सोय सर्वांना होती, परत देण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. मुलांना खेळावरून रागावण्याआधी त्यांच्याशी याविषयी बोलावे.