वजन घटवणारे अ‍ॅप आणि नोंदी वाचणारा माणूस

नव्या वर्षाच्या सुरुवातीला गृहसंकुलांत आणि कार्यालयांत ‘वजन घटवा’ गट सुरू होतात. रोजची पावले, ताटाचे छायाचित्र, सकाळचे वजन असे सारे व्हॉट्सअ‍ॅपवर पडू लागते. होळीपर्यंत गट थंडावतो आणि उरतात ते फक्त ‘शुभ सकाळ’चे संदेश. दोष सदस्यांच्या निर्धाराला दिला जातो. पण या नोंदी कोणी वाचत होते का, हे सहसा विचारले जात नाही.

अमेरिकेत डेबोरा टेट आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. मधुमेहाचा धोका असलेल्या ९२ जणांना त्यांनी इंटरनेटवरून वजन घटवण्याचा एकच कार्यक्रम दिला. निम्म्यांना जास्तीचे मिळाले ते एवढेच, की त्यांनी खाण्याची आणि व्यायामाची नोंद पाठवली की समुपदेशक ती वाचून ई-मेलने उत्तर देई. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी २ किलोने घटले, तर उत्तर मिळणाऱ्यांचे ४.४ किलोने. अभ्यास लहान होता, हे खरे.

दोन-चार किलोंनी काय होणार, असे वाटेल. पण अमेरिकेतील ३,२३४ जणांच्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत लक्ष्य होते ते ७ टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे, म्हणजे ८० किलोच्या माणसासाठी साडेपाच किलोंच्या आसपास. २००२ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनीच घटले. तिथेही प्रत्येकामागे प्रशिक्षित मार्गदर्शक होता. पुढे हाच कार्यक्रम वस्तीपातळीवरील केंद्रांत गटागटाने आणि नंतर ऑनलाइनही चालवला जाऊ लागला.

भारताला हा प्रश्न परका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीनुसार देशात सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. इतक्यांना समोरासमोर सल्ला देणे शक्य नाही, म्हणून फोनचा आधार लागणारच. चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांच्या चमूने दक्षिण भारतातील ५३७ नोकरदार पुरुषांवर तो अजमावला. साध्या एसएमएसने दोन वर्षांत मधुमेह होणाऱ्यांचे प्रमाण २७ वरून १८ टक्क्यांवर आले. मात्र, सर्वांना एकच मजकूर पाठवलेला नव्हता. सवय बदलण्याची कोणाची किती तयारी आहे, ते पाहून संदेश ठरत.

आपल्याकडे पैसा मंजूर होतो तो सहसा अ‍ॅप बनवायला. नोंदी वाचणाऱ्याचे मानधन अंदाजपत्रकात बसत नाही. तिशीपुढच्यांच्या तपासणीचे अर्ज आशा सेविका आजही घरोघरी भरतात. त्यांच्यावरच हेही काम टाकायचे, तर एकीने आठवड्याला किती जणांना उत्तर द्यायचे आणि त्याचा मोबदला किती, हे आधी ठरवावे लागेल.