शिरेतल्या औषधाची जयणा



गेल्या महिन्यात पायाच्या जखमेसाठी आमच्या ह्यांना आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. सलाईनमधून व्हँकोमायसिन चालू होतं. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल झाला, शीर दोरीसारखी कडक. सिस्टर म्हणाल्या, "काकू, हे औषधच तसं आहे." तेवढ्यात भेटायला आलेल्या मैत्रिणीने हळूच विचारलं, "ही औषधं सशांवर करून बघतात म्हणे. आपल्याला चालतात का?" मला उत्तर देता आलं नाही.

रात्री त्यांच्या उशाशी बसून मोबाईलवर वाचत राहिले. शिरेला आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. औषध त्याला किती झोंबतं हे पाहायला सशाच्या कानातली शीर वापरत आले आहेत. १९७३ साली अमेरिकेत एरिक जाफे आणि सहकाऱ्यांनी बाळाच्या नाळेतल्या शिरेच्या अस्तराच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या. बाळंतपणानंतर जी नाळ एरवी टाकूनच देतात, तीच! आता अशा पेशींवर प्रतिजैविक कमी-जास्त तीव्रतेचं घालून ठेवतात आणि पेशीतलं एटीपी मोजतात. एटीपी म्हणजे पेशीच्या गल्ल्यातली रोकड. ती आटली की पेशीला इजा झाली समजायचं. (माझं बी.कॉम. एवढ्यापुरतं कामाला आलं.)

मला इतका आनंद झाला की 'अहिंसक चाचणी' असं लिहून ग्रुपवर टाकणारच होते. पण पुढे वाचलं, की या पेशी वाढवायच्या पोषक द्रवात बहुधा गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातला सीरम असतो. हात तिथेच थांबला. सीरमशिवायचे द्रवही निघालेत, पण सगळीकडे तेच वापरतात असं नाही. म्हणून मी याला अहिंसक म्हणणार नाही. कमी हिंसेचं म्हणेन. आपल्या सोयीसाठी शब्द पवित्र करून घेणं हाही असत्याचाच प्रकार.

आणि औषध नाकारावं, असंही मला वाटत नाही. जखम चिघळत ठेवण्यात कसला धर्म? मात्र ज्या ज्ञानासाठी कुठेतरी जीव गेले, ते वॉर्डात येऊन घाईपायी वाया जावं, हे मला जास्त टोचतं. पाणी गाळताना आपण जयणा पाळतो, ती इथे का नको? औषध जितकं तीव्र, तितका अस्तराला त्रास जास्त. म्हणून १ ग्रॅम व्हँकोमायसिन निदान २०० मिली द्रवात मिसळतात आणि मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देत नाहीत. म्हणजे हिशोबाने १०० मिनिटं. आमच्या ह्यांची बाटली तर चाळीस मिनिटांत रिकामी होत होती.

सकाळी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी न चिडता वेग कमी करायला सांगितला. सुई दुसऱ्या हाताला लावली. मी घड्याळ समोर ठेवून णमोकाराची माळ ओढत बसले. ती शीर घरी सोडेपर्यंत टिकली.