येते, पण सुचत नाही

'कौन बनेगा करोडपती' हा कार्यक्रम तुम्ही घरी दूरदर्शन संचावर पाहिला असेल. खुर्चीवर बसलेला स्पर्धक एखाद्या प्रश्नाशी अडतो, घाम पुसतो, पाणी पितो. इकडे तुम्ही मोठ्याने उत्तर सांगता आणि म्हणता, "एवढे सोपे उत्तर याला कसे येत नाही?"

आता वर्गातला प्रसंग आठवा. मराठीच्या तासाला शिक्षकांनी तुम्हांला उभे केले आणि एक साधा प्रश्न विचारला. उत्तर ओठांवर होते, पण ते बाहेर आले नाही. मग त्या स्पर्धकाला हसण्याचा आपल्याला काय अधिकार?

हा खेळ मूळचा इंग्लंडमधला. तेथे तो १९९८ साली सुरू झाला. ३ जुलै २००० रोजी तो हिंदीत आला आणि अमिताभ बच्चन प्रश्न विचारू लागले. २०१३ साली 'कोण होईल मराठी करोडपती' या नावाने तो मराठीतही आला. तेव्हा सचिन खेडेकर सूत्रसंचालक होते. पहिल्या वर्षी हिंदीत पंधरा प्रश्न असत आणि प्रत्येकाला चार पर्याय. पहिल्या बरोबर उत्तराला एक हजार रुपये, पंधराव्याला एक कोटी.

ही केवळ सामान्य ज्ञानाची परीक्षा आहे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. त्या वर्षीचा हिशेब पाहा. अकरा उत्तरे बरोबर आली, की ६,४०,००० रुपये होत. बाराव्या प्रश्नाला १२,५०,००० मिळत. पण उत्तर चुकले, तर स्पर्धक ३,२०,००० वर येई. उत्तर न देता तो थांबला, तर ६,४०,००० घेऊन घरी जाई. म्हणजे खरा प्रश्न असा, की मला नक्की काय येते आणि काय येत नाही? हे ज्याला ओळखता येते, तोच तेथे टिकतो.

अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांचे उदाहरण घ्या. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम करीत. २०१९ साली त्यांनी या कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले. पुढचा प्रश्न सात कोटींचा होता. उत्तराची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी खेळ सोडला. एक कोटी जिंकण्याइतकेच हे थांबणेही मला मोठे वाटते.

'हजरजबाबी' हा मराठी शब्द तुम्हांला परका नाही. तो तुमच्या ओळखीचा 'हाजिरजवाब'च आहे. 'सबुरी'मध्येही तुमचा 'सब्र' आहे. त्या खुर्चीवर हजरजबाबीपणा लागतो. पण त्याहून जास्त सबुरी लागते.

पण मन दडपते ते कशाने? प्रश्न तर तोच असतो, घरीही आणि तेथेही. घरी आपल्याकडे कोणी पाहत नसते आणि चुकले तरी काही जात नाही. तेथे शेकडो डोळे पाहत असतात. वर्गात पैसे जात नाहीत, तरी जीभ अडखळते. कारण तेथे हसे होण्याची भीती असते. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे. म्हणून एखादा मुलगा 'माझी पुस्तक' म्हणतो. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन; चूक होणारच. पण वर्ग हसतो. मग तो मुलगा कित्येक दिवस हात वर करीत नाही. त्याचे नुकसान एका शब्दाचे नसते. पुढे बसमध्ये, दवाखान्यात, तहसील कचेरीत त्याला हीच भाषा बोलायची असते. तेथेही तो गप्प राहतो.

त्या खेळात एक चांगली सोय होती. स्पर्धक अडला, की त्याला समोर बसलेल्या प्रेक्षकांचे मत विचारता येई. ज्यांच्या नजरेची भीती वाटते, तेच लोक मदतीला येत. आपल्या वर्गानेही असेच व्हावे, असे मला वाटते. हसणारा वर्ग आणि सांभाळून घेणारा वर्ग, यांत मुले तीच असतात. फरक असतो तो त्यांच्या वागण्यात.

काही जण म्हणतात, की शाळेतही अशाच स्पर्धा रोज घ्याव्यात, म्हणजे मुले चटपटीत होतील. कधीतरी जरूर घ्याव्यात. पण रोज नको. तेथे चुकीच्या उत्तराने खेळ संपतो. शाळेत मात्र चुकीच्या उत्तरानंतरच शिकवायला सुरुवात होते.

म्हणून दोन गोष्टी करून पाहा. उत्तर येत नसेल, तर मान खाली न घालता "मला येत नाही, सांगा" असे स्पष्ट म्हणा. यात कमीपणा नाही. आणि तुमचा सोबती 'माझी पुस्तक' म्हणाला, तर हसू नका. हळूच त्याला 'माझे पुस्तक' सांगा आणि त्याला पुन्हा बोलू द्या.