सागवान आणि ‘रनोमे’

आमच्या देऊळघाटात पाणी म्हणजे पैनगंगा, तीही उन्हाळ्यात ढोरं पायीच ओलांडतात. तरी घराच्या सागवानी चौकटीला हात लागला की मला ‘रनोमे’ आठवते. १८०८ सालची ही फ्रेंच युद्धनौका १८११मध्ये मादागास्करजवळ इंग्रजांनी धरली आणि तिचं बारसं केलं ‘जावा’. पुढच्याच वर्षी ती मुंबईकडे निघाली. पोटात मुंबईत बांधायच्या जहाजाचे नकाशे. ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिच्या डोलकाठ्या उडवल्या, मग ती जाळूनच टाकली. नकाशे गेले, दुसरे मागवावे लागले. त्यांवरून वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची ‘त्रिंकोमाली’ बांधली, १८१७मध्ये पाण्यात सोडली. गंमत बघा, तिचा आराखडाही मुळात ‘एबे’ या पकडलेल्या फ्रेंच जहाजावरूनच उचललेला! आपलं ते सागवान आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.