पेपर मोजायचे की वाचायचे?

फेब्रुवारी 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘यूजीसी-केअर’ ही संशोधन नियतकालिकांची यादी बंद केली. तिच्या जागी आठ गटांतले 36 सूचक निकष जाहीर केले आणि नियतकालिक विश्वासार्ह आहे की नाही, याचा निवाडा विद्यापीठे, महाविद्यालये आणि खुद्द संशोधकांवर सोपवला. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांत, अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच : मग आता कोणते जर्नल चालते? प्रश्न व्यवहाराचा आहे, पण त्याच्या पोटात एक घातक समजूत दडलेली आहे. लेख कुठे छापला हे कळले की तो कसा आहे हे पाहायची गरज उरत नाही, ही ती समजूत. गेल्या पंधरा वर्षांत संशोधन प्रकाशनाची जी दुर्दशा झाली तिचे मूळ इथे आहे. ही समजूत टिकून असेपर्यंत यादी ठेवली काय आणि काढली काय, फरक पडणार नाही.

ही समजूत प्राध्यापकांनी जन्माला घातलेली नाही, हेही आधी मान्य केले पाहिजे. आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची (एपीआय) पद्धत आणली. शिक्षकाच्या प्रत्येक कामाला गुण लागले, छापलेल्या लेखालाही लागले. मात्र गुण मोजताना तो लेख उघडून वाचण्याची गरज सहसा पडत नसे. 2016 च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, अशी अट घातली. ती 2022 मध्ये काढली गेली. 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना एका लेखाला 2 गुण मिळतात, महाविद्यालयासाठी जास्तीत जास्त 6 आणि विद्यापीठासाठी 10. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या, सेट-नेट झालेल्या उमेदवाराला या गुणांकडे पाठ फिरवणे परवडत नाही. मागणी अशी ठरीव आणि निकडीची झाल्यावर पुरवठादार उभे राहणारच होते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना जेफ्री बील या अमेरिकी ग्रंथपालाने ‘प्रिडेटरी जर्नल’ हे नाव दिले. फिनलंडमधील दोन संशोधकांनी 2015 मध्ये केलेल्या पाहणीनुसार अशा नियतकालिकांतून 2010 साली सुमारे 53 हजार लेख छापले गेले होते. 2014 साली ती संख्या 4 लाख 20 हजारांवर गेली. त्या लेखांच्या लेखकांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातले होते. एपीआय लागू झाली ते वर्षही 2010. केवळ तारखा जुळल्या म्हणून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण लेखकांचा एवढा मोठा वाटा एकाच देशातला असेल तर त्या देशाच्या नियमांकडे बोट जाणे स्वाभाविक आहे.

आपल्या भागात या व्यवहाराचे सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे चर्चासत्राचा विशेषांक. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र ठरते, नोंदणी शुल्कातच छपाईचा खर्च धरलेला असतो आणि उद्घाटनालाच पाहुण्यांच्या हस्ते अंकाचे प्रकाशन होते. एकाच अंकात गृहविज्ञान, शारीरिक शिक्षण, प्राणिशास्त्र, वाणिज्य आणि मराठी कविता शेजारी शेजारी बसतात. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक आणि इम्पॅक्ट फॅक्टर ठळक छापलेला असतो. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे; आणि इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून ज्याला जगभर मान्यता आहे तो क्लॅरिव्हेट ही कंपनी निवडक नियतकालिकांसाठी काढते, या अंकांवरचे आकडे बहुधा फी भरून मिळवलेले असतात. पण या अंकातली खरी उणीव क्रमांकांत शोधण्याचे कारण नाही. लेख पोचण्याआधीच स्वीकारलेला असतो, ही ती उणीव. कोणी परीक्षक लेखकाला ‘तुमची नमुनानिवड चुकली आहे’ किंवा ‘हा संदर्भ मूळ ग्रंथात नाही’ असे सांगत नाही. चर्चासत्रात चर्चा व्हावी, कच्चे विचार मांडले जावेत, हे उत्तमच. त्या कच्च्या मांडणीला तपासलेल्या संशोधनाचा शिक्का मारणे हा अप्रामाणिकपणा आहे, आणि त्यात आयोजक, संपादक, लेखक आणि गुण देणारा असे सगळेच सहभागी असतात.

यादी हा यावरचा उपाय आहे, असे 2017 मध्ये आयोगाला वाटले आणि मान्यताप्राप्त नियतकालिकांची पहिली यादी आली. विद्यापीठांनी शिफारस केलेली हजारो नावे तिच्यात शिरली. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली 1,009 नियतकालिके तपासून ‘करंट सायन्स’मध्ये मार्च 2018 मध्ये निष्कर्ष छापले. 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरण्याजोगी निघाली. कुणाचा पत्ता नव्हता, कुणाचे संपादक कोण ते कळत नव्हते, कुणी आयएसएसएन किंवा इम्पॅक्ट फॅक्टरची खोटी माहिती दिली होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4,305 नावे वगळली. नंतर केअर यादी आली, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राने ती कष्टाने सांभाळली आणि पुष्कळ कचरा बाहेर ठेवला, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण यादीत नाव असणे हीच किंमत ठरल्यावर नावाचीच चोरी सुरू झाली. जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उभी राहिली आणि त्या नावावर फी घेऊन लेख छापले गेले. लेख वाचला जाणार असता तर असली नक्कल पहिल्याच पानावर उघडी पडली असती. वाङ्मयचौर्याचे नियमही 2018 मध्ये आले. 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे चढती शिक्षा. चांगला नियम आहे, पण सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते. घरी बसून भरलेली प्रश्नावली त्याला ओळखता येत नाही.

मग नियतकालिकाचा प्रामाणिकपणा ओळखायचा कशावरून? छापण्याआधी लेखकाशी हितसंबंध नसलेल्या जाणकाराने लेख वाचून आक्षेप घेतला का, आणि छापल्यानंतर चूक दिसली तर ती उघडपणे दुरुस्त होते का, या दोन गोष्टींवरून. याचे मोल काय असते, हे लातूर जिल्ह्याइतके कोणाला कळावे? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. पुढची काही वर्षे भूकंपशास्त्राच्या नियतकालिकांत किल्लारीवर वाद झडला. भ्रंश नवा की दख्खनच्या कातळाखालचा जुनाच पुन्हा हलला? जमिनीत मुरलेल्या पाण्याचा, जवळच्या जलाशयाचा त्यात काही वाटा होता का? किल्लारीत विंधनछिद्र घेतले गेले, बसाल्टचा थर सुमारे 338 मीटरचा निघाला आणि त्याखाली मूळ खडक लागला. एकाच्या निष्कर्षावर दुसऱ्याने मोजमापांसह हरकत घेतली, तिसऱ्याने दोघांचीही तपासणी केली. अशा तपासलेल्या ज्ञानाचा आधार मिळाला म्हणूनच 2002 साली भारतीय मानकात नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. आज लातुरात इमारतीचा आराखडा करणारा अभियंता जे आकडे धरतो, त्यांच्या मागे ती भांडणे आहेत. मार्च 2024 मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या धक्क्यांनी नांदेडही हादरले. त्या धक्क्यांचाही असाच कसून अभ्यास व्हायला हवा. किनवट तालुक्यातल्या भूजलातले फ्लोराइड, सोयाबीनवरची कीड, शेतकरी कुटुंबांवरचे कर्ज हे आपले विषय आहेत, आणि यांवर बाहेरचे कोणी आपल्यापेक्षा अधिक लिहिणार नाही. ते लेख न तपासता छापले गेले तर दोन प्रकारे नुकसान होते. चुकीचा आकडा कुठल्या तरी अहवालात जाऊन बसतो. आणि खरे मोजमाप केलेल्या विद्यार्थ्याचा लेखही त्याच ढिगात पडतो, तिथून तो कोणी उचलत नाही.

छापल्यानंतरच्या जबाबदारीबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांचा एक लेख अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ने 2005 मध्ये छापला होता, त्यातल्या प्रतिमांवर शंका आल्या आणि 2007 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. भारतातल्या चौकशीत लेखकांवर ठपका आला नव्हता, तरीही नियतकालिकाने स्वतःच्या निर्णयावर ठाम राहून तसे जाहीर केले. कोण बरोबर होते यावर मतभेद असू शकतात, पण पानावर छापलेल्या मजकुराला आपण उत्तरदायी आहोत, ही भूमिका महत्त्वाची. आपल्या विशेषांकांपैकी कोणी कधी एखादा लेख मागे घेतल्याची सूचना पुढच्या अंकात दिली आहे? यावर म्हणतात की मोठ्यांचीही पापे आहेत. आहेतच. लसीकरणाचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, अवघ्या 12 मुलांवर बेतलेला लेख ‘लॅन्सेट’ने 1998 मध्ये छापला आणि मागे घ्यायला 2010 उजाडले. हिंदावी या नावाजलेल्या प्रकाशनसंस्थेला 2023 या एका वर्षात 8 हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले. परदेशी नाव म्हणजे शुचितेची हमी नव्हे, हे यातून दिसते. आणि नावावर विसंबून चालत नाही, हेच माझेही म्हणणे आहे. त्या चुका जाहीर झाल्या म्हणून आज त्यांची उदाहरणे देता येतात, एवढा फरक मात्र विसरू नये. आणि ही शिस्त पाश्चात्त्यांकडून उसनी आणायची गोष्ट नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना मूळ कागदच वाचकांपुढे ठेवले. त्यांचे निष्कर्ष पुढे अनेकांनी खोडले, त्यांनीच उपलब्ध करून दिलेल्या कागदांच्या आधाराने.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. मोजणी निदान निःपक्षपाती असते, वाचून गुण द्यायचे म्हटले की वशिल्याला मोकळे रान, असे ग्रामीण भागातले उमेदवार म्हणतात. त्यांनी निवड समित्या पाहिलेल्या आहेत, त्यामुळे ही भीती झटकून टाकण्यासारखी नाही. परंतु आजची मोजणी गरिबाचे रक्षण करते का? ज्याच्याकडे पैसे आहेत तो महिन्याभरात तीन लेख छापून आणतो. तुटपुंज्या मानधनावर शिकवणाऱ्याला त्याच तीन लेखांसाठी उधारी करावी लागते, आणि ज्याने दोन वर्षे गावोगाव फिरून एकच लेख लिहिला तो गुणांत मागे पडतो. वशिल्यावरचा उतारा वाचणे टाळण्यात नाही, वाचल्याचा लेखी पुरावा ठेवण्यात आहे. परीक्षकाने प्रत्येक लेखावर सकारण अभिप्राय द्यावा, त्याखाली सही असावी, उमेदवाराला त्याची प्रत मिळावी. कारणे लिहून द्यावी लागली की अन्याय करणाऱ्याला लपायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप मराठीचा. स्कोपससारख्या सूचींत मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीत, म्हणून तेवढ्याच ग्राह्य धरल्या तर मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांतले मराठीतून लिहिणारे सगळे बाद होतील. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच नवी यादी मागणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’ किंवा मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ यांचे मोल इम्पॅक्ट फॅक्टरने कळणार नाही. ते अंक वाचणाऱ्यालाच कळेल. राहिला वेळेचा प्रश्न. तालुक्याच्या महाविद्यालयात दिवसाला चार-पाच तास घेणाऱ्या, ना प्रयोगशाळा ना ग्रंथालय अशा शिक्षकाकडून दरवर्षी शोधनिबंधाची अपेक्षा करणे हाच मुळात अन्याय आहे. तो उत्तम शिकवत असेल तर त्याच्या बढतीसाठी तेवढे पुरे असावे.

आयोगाने आता निवाडा स्थानिक पातळीवर सोपवला आहे, तेव्हा दिल्लीच्या पुढच्या पत्राची वाट पाहायचे कारण नाही. विद्यापीठाच्या विद्या परिषदेने ठरवावे की भरती असो वा स्थाननिश्चिती, उमेदवाराने स्वतः निवडलेले जास्तीत जास्त तीन लेख विचारात घेतले जातील आणि त्यांवर बाहेरच्या दोन तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय घेतले जातील. चर्चासत्राच्या विशेषांकाला संशोधन नियतकालिक म्हणून मान्यता हवी असेल तर परीक्षकांचे अभिप्राय आणि नाकारलेल्या लेखांची संख्या महाविद्यालयाने संकेतस्थळावर टाकावी. ज्या अंकाने एकही लेख नाकारला नाही त्याला कार्यवृत्त म्हणावे, त्यात कमीपणा काही नाही. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला फी भरून छापायला पाठवण्याआधी त्याच्या प्रश्नावल्या आणि नोंदवह्या स्वतः पाहाव्यात. आणि निवड समितीवर बसणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला एक विनंती आहे : उमेदवार खोलीत येण्याआधी त्याचा एक तरी लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि पहिला प्रश्न त्या लेखावरच विचारा.